घर आणि बिऱ्हाड

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सांगलीस आम्ही नवा फ्लॅट घेतला आणि दिवाळीच्या तोंडावर वास्तुशांत उरकून घेतली. गावाकडे एकटेच राहणाऱ्या माझ्या वडिलांना (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) मोठ्या आग्रहाने कायमचे आमच्याकडे आणले. त्यांच्यासाठी एक खोली खास सजविली होती. गृहसजावटीचे शिक्षण घेतलेल्या एका तरुणाकडून तिचा आराखडा करून घेतला होता. भिंतीत बसविलेले कपाट, उशाशी दिवा, पायाशी मऊ गालिचा, फिकट निळा रंग आणि भिंतीवर एक खिळासुद्धा नाही! येणारे-जाणारे खोली पाहून वाहवा करीत. आण्णाही म्हणाले, "झ्याक हाय." आम्हांला कृतकृत्य वाटले.

चार महिने गेले. एके दिवशी केर काढता काढता सौ.ने मला हाक मारली आणि पलंगाखाली बोट दाखविले. आण्णांची कापडी पिशवी तेथे होती. गावाहून येताना हातात होती तीच. आत दोन धोतरे, तीन सदरे, एक टॉवेल, सारे नीट घडी करून ठेवलेले. कपाट उघडून पाहिले, तर ते रिकामे! चार महिने हा मनुष्य रोज पिशवीतून सदरा काढीत होता आणि धुऊन वाळला की पुन्हा पिशवीतच ठेवीत होता.

संध्याकाळी मी विचारले, "आण्णा, कपडे कपाटात का ठेवत नाही?"

"ऱ्हाऊ दे की," आण्णा म्हणाले. "बिऱ्हाड कवा हलंल, सांगता येतंय व्हय?"

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. शब्दांच्या अर्थच्छटा हा माझ्या पोटापाण्याचा विषय. पण 'बिऱ्हाड' हा शब्द त्या संध्याकाळी मला जसा लागला, तसा कोणत्याही पुस्तकात लागला नव्हता. कारण तो शब्द आण्णांचा नव्हता. तो माझ्या आजीचा होता.

वाचकहो, आपल्या भाषेत राहण्याच्या जागेला किती शब्द आहेत पाहा. निवारा, आसरा, खोली, बिऱ्हाड, घर. निवारा ऊनपावसापासून वाचवितो. आसरा कोणी तरी देतो. खोली भाड्याने मिळते. बिऱ्हाड थाटता येते आणि हलविताही येते. घर मात्र 'होते'. म्हणूनच आपण घर झाले म्हणतो, घरोबा झाला म्हणतो. ज्याचे घर एकदा गेले, त्याला सरकार, संस्था किंवा मुलगा फार तर निवारा देऊ शकतो. त्या निवाऱ्याचे घर कशाने होते, हा प्रश्न मला आण्णांच्या पिशवीने घातला.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात. गाव होते असेच म्हटले पाहिजे, कारण आता त्यावर शिवसागर जलाशयाचे पाणी आहे. कोयनेचे धरण १९६४ साली पूर्ण झाले. त्या प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या घराघरांत आणि कारखान्यांत ती वीज खेळते. त्यासाठी खोऱ्यातली माणसे उठली आणि सातारा जिल्ह्याच्या इतर भागांत, सांगली-सोलापूरकडे, तसेच घाटाखाली रायगड-ठाण्याकडे विखुरली. आमच्या वाट्याला सांगली जिल्हा आला.

कागदावर पाहिले तर हे अंतर फारसे नव्हते. सातारा आणि सांगली हे मुळात एकच घर. १९४९ साली वाटणी होऊन दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पण डोंगरातल्या माणसाला मैदानात आणून बसविले म्हणजे काय होते, ते नकाशाला समजत नाही. पुढे त्या खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली आणि जे मागे राहिले होते त्यांचीही घरे पडली. बातमी ऐकून आजी म्हणाली होती, "पाण्यानं सोडलं असतं तर भुईनं घेतलं असतं." एवढे म्हणूनही ती आमच्या नव्या जागेला घर म्हणाली नाही. "घर तकडं पाण्यात. हतं बिऱ्हाड," असे ती सरळ सांगे.

आजीचे पाण्यातले घर मी पाहिलेले नाही. पण तिने ते मला इतक्या वेळा सांगितले, की डोळे मिटून त्यात वावरू शकेन. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती. उतरते छप्पर, दरवर्षी पावसाआधी गवताने शाकारलेले. पुढे ओटी, मधे माजघर, अंगालाच गोठा. रात्री जनावरांच्या घंटा अंथरुणातून ऐकू यायच्या. चूल अशी मांडलेली, की भाकरी थापता थापता दारात कोण आले ते दिसावे. चुलीचा धूर माळ्यावर जाई आणि चार महिन्यांच्या झडीत वरची लाकडे कोरडी ठेवी. जमिनीत पुरलेले उखळ. दाराशेजारी दिवा ठेवायची दिवळी. त्या घराचा आराखडा कोणी काढला नव्हता. पण त्यात एकही गोष्ट उगीच नव्हती.

आणि बिऱ्हाड? सपाट रानात आखलेली रांग. समोरासमोर दारे, त्यामुळे जेवायला बसले की समोरच्यांचे ताट दिसे. वर पत्रा, उन्हाळ्यात तापे आणि पावसात बोलणे ऐकू येऊ देत नसे. दारांवर डांबराने नंबर घातलेले. आजीला अक्षरओळख नव्हती. पहिल्या आठवड्यात ती दोनदा शेजाऱ्याच्या दारात शिरली, आणि मग तिने गेरू कालवून आपल्या चौकटीला पाच बोटे उमटविली. त्या सबंध रांगेत तेवढी पाच बोटेच तिची होती. चूल पत्र्याच्या भिंतीशी, दाराकडे पाठ करून मांडावी लागली. पाठीमागून कोणी आत आले की आजी दचकायची. वीस-पंचवीस वर्षे ती अशी दचकत राहिली.

मी दुसरी-तिसरीत असेन तेव्हा आण्णांनी उसाच्या पैशातून विटांचे घर बांधायला काढले. गवंडी आला. वयस्कर, तोंडात पान, कानावर पेन्सिल. त्याने जोत्यावर फक्की टाकली आणि ओट्याशी बसलेल्या आजीला विचारले, "आजी, चूल कुठं मांडायची?"

आजी गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "मला काय इचारतोस बाबा? जागा सरकारची, पैसं ल्योकाचं."

"सैपाक कोण करतं?"

"मीच की."

"मग तुमास्नीच इचारणार."

आजी उठली. पदर खोचून जोत्यावर चढली आणि सबंध जागेत हळूहळू फिरली. वारा कुठून येतो ते पाहिले. एका ठिकाणी भाकरी थापायला बसावे तशी बसली, मान वर करून दाराच्या जागेकडे पाहिले, आणि एक खडा उचलून तेथे ठेवला. "हतं." मग दुसरा खडा उखळासाठी. तिसरा दाराशेजारी, दिवळीसाठी. शेवटी म्हणाली, "म्होरं बसायला कट्टा कर बाबा. जाणारं-येणारं टेकलं पाहिजे."

चूल, उखळ, दिवळी आणि कट्टा. खर्च म्हणाल तर थोड्या विटा, थोडे सिमेंट आणि गवंड्याचे दोन-चार तास. त्या वर्षी दिवाळीला आजीने दिवळीत पणती ठेवली. पाडव्याच्या दिवशी शेतातून परतताना ती मला म्हणाली, "पोरा, पुढं पळ अन् घराची कडी काढ." मागून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येणारे आण्णा जागच्या जागी थांबले. मला तेव्हा काहीच उमगले नाही. तिने 'घर' म्हटले होते.

हा प्रसंग आमच्या घरात मोठा मानला जातो. म्हणून मी त्याकडे फार दिवस केवळ कौटुंबिक आठवण म्हणून पाहत होतो. पिशवीच्या प्रकारानंतर मात्र थोडे वाचन केले, चार ठिकाणी जाऊन आलो, आणि ध्यानात आले, की आमच्या गवंड्याला जे सहज सुचले ते भल्या भल्या योजनांना फार उशिरा सुचले आहे.

कोयनेच्या वेळी महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ साली झाला. आज धरणग्रस्तांच्या वसाहतीविषयी बोलणे निघाले की '१८ नागरी सुविधा' हे शब्द कानी पडतातच. पिण्याचे पाणी, शाळा, समाजमंदिर, रस्ते, वीज, गटारे, स्मशानभूमी इत्यादी. या सुविधा भांडून मिळवाव्या लागल्या आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखणाऱ्याने एक उन्हाळा पाण्याशिवाय काढून पाहावा. पण त्या यादीत चुलीचे तोंड कोणीकडे असावे हे नाही, आणि असूही शकत नाही. ते यादी करणाऱ्याला ठाऊक नसते. चुलीपुढे बसणारीला ठाऊक असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५० ते ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. भूकंपाला टिकतील अशी, सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांची नवी गावे उभी राहिली. जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची आणि मधे चौक असलेली. त्या भिंतींखालीच माणसे दगावली होती, तेव्हा नवी बांधणी हवीच होती. पण चौकात बायका धान्य निवडीत, मुले झोपत, जनावरे बांधली जात. तो चौक नव्या आराखड्यात बहुतेक ठिकाणी नव्हता. मग लोकांनी काय केले? घरापुढे पडवी काढली, मागे पत्र्याचे छप्पर टाकले, भोवती भिंत घालून अंगण आडोशाला घेतले. कोणाला हे मूळ आराखडा बिघडविणे वाटेल. मला मात्र त्यात आजीची पाच बोटे दिसतात.

याच्या उलट उदाहरण इंदूरचे. तेथील अरण्य वसाहत बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात आखली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यांनी पुरे घर दिलेच नाही. जोते, मोरी-संडास आणि फार तर एखादी खोली एवढेच दिले. पुढचे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे वाढवावे. कोणी ओटा काढला, कोणी जिना बाहेरून घेतला, कोणी दुकान थाटले. या वसाहतीला १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. अपुरे देण्यातही एक औदार्य असू शकते, ते असे.

आमच्या जिल्ह्यातच याहूनही जुना धडा आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि आटपाडी सांगलीत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, जन्मठेपेसारख्या शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी ही भिंतीवाचूनची वसाहत निघाली. कैद्याने शेती करावी आणि बायकामुलांसह घरात राहावे, अशी ही योजना. शांताराम बापूंचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा आटपाडी भागातल्याच ग. दि. माडगूळकरांची. कोठडी आणि घर यांत फरक कशाचा? दोन्हींना भिंती असतात, छप्पर असते, दार असते. कोठडीची कडी बाहेरून असते आणि घराची आतून, एवढाच. त्या आतल्या कडीवर विश्वास टाकणे, हीच स्वतंत्रपूरची सगळी सजावट.

ज्यांना मुळात घरच नाही, त्यांच्या बाबतीतही हेच. शहरी बेघरांसाठी निवारे चालविण्याची केंद्राची योजना २०१३ पासून आली. माणशी निदान ५० चौरस फूट जागा असावी, असे तीत म्हटले आहे. अशा एका निवाऱ्यात माझा एक विद्यार्थी जातो. त्याच्याबरोबर मीही गेलो. खाटांची रांग, स्वच्छ चादरी. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गळ्यात दोरा होता. मला वाटले, ताईत असेल. पाहतो तो किल्ली! खाटेशेजारच्या छोट्या कपाटाची. आत काय होते? एक कंगवा, औषधाच्या गोळ्या आणि एक जुने पत्र. "पंधरा वर्षांत पहिल्यांदा कशाला तरी कुलूप लावलं, सर," असे ते म्हणाले. कपाटाला कुलूप लावता यावे हे ज्या कोणाला सुचले, तो खरा गृहसजावटकार! फिनलंडने २००८ पासून मोठी पावले टाकली ती याच दिशेने. बेघरांच्या सामुदायिक निवाऱ्यांच्या जागी त्यांनी स्वतंत्र सदनिका केल्या आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा भाडेकरार व स्वतःची किल्ली दिली. आधी घर, मग बाकीचे, असा त्यांचा क्रम.

येथे कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, कोनाड्याने आणि खुंटीने पोट भरते का? नाही भरत. वारणेच्या धरणासाठी माणसे उठली. चांदोलीच्या जंगलातलीही उठली. तेथे १९८५ साली अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्यांना विचारा. आधी जमीन, मग पाणी, मग काम. जमिनीचा वायदा लांबणीवर टाकून भिंतींना छान रंग लावून देणे, ही थट्टा होईल. आमची दिवळीदेखील उसाच्या पैशातूनच झाली. पण पोटापुरते मिळूनही जी माणसे आयुष्यभर गाठोडे बांधून बसलेली असतात, त्यांचे काय? माझे म्हणणे त्यांच्यापुरते आहे.

आणि ती माणसे वसाहतीतच असतात असे नाही. आपल्या सुखवस्तू घरांतही ती असतात. गाव सोडून मुलाकडे आलेले आईवडील. शिक्षणासाठी काकांकडे राहिलेला पुतण्या. माप ओलांडून आलेली सून. तिने माहेरून आणलेले चित्र लावायला भिंतीवर जागा आहे का, हे किती घरांत विचारले जाते? आपण त्यांना उत्तम खोली देतो, मऊ गादी देतो. एक गोष्ट मात्र द्यायची विसरतो. "तुम्हांला काय कुठे हवे?" हा प्रश्न.

मीही विसरलो होतो. कोणाला दोष द्यावा? त्या सजावटकार तरुणाने मला विचारले होते, "सर, बाबांच्या काही खास गरजा?" आणि आण्णांना न विचारताच मी ऐटीत सांगितले होते, "तुम्हांला योग्य वाटेल तसे करा."

पिशवी सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आण्णांपुढे बसलो आणि गवंड्याचा प्रश्न माझ्या परीने विचारला. आण्णा प्रथम "काय नको, झ्याक हाय" एवढेच म्हणाले. दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "दारामागं एक खुंटी ठोकशील?"

भिंतीचा रंग उडाला, गुळगुळीत भिंतीला भोक पडले, आणि खुंटी बसली. तिच्यावर आण्णांची घोंगडी आली. मग एकेक गोष्ट निघत गेली. पलंग दाराकडे पाय करून होता, तो फिरवून खिडकीशी घेतला. आता पडल्या पडल्या रस्ता दिसतो आणि कोण आले, कोण गेले ते कळते. गालिचा पायात अडकतो म्हणून काढला. बाल्कनीत शोभेची झाडे होती, ती सरकवून एक बुटके बाकडे ठेवले. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त पोस्टमास्तर संध्याकाळी तेथे येऊन टेकतात आणि दोघांचा पानाचा डबा एक झाला आहे. खोली आता छायाचित्र काढण्याजोगी राहिली नाही, असे तो तरुण हसत म्हणाला. पण वहीत त्याने काही तरी टिपून घेतले.

दिवळीची मात्र अडचण झाली. फ्लॅटची भिंत ती, कोरणार कशी? शेवटी सुताराकडून दाराशेजारी वितीएवढी लाकडी फळी मारून घेतली. गेल्या दिवाळीत आण्णांनी स्वतः वात वळली आणि तिथे पणती ठेवली. वाऱ्याने ती दोनदा विझली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती पुन्हा लावली.

आणि ती पिशवी? परवा मी बाजारात निघालो तर सौ.ने तीच माझ्या हातात दिली. "आण्णांनी दिलीय. म्हणाले, भाजी आणायला बरी आहे. मला आता काय करायची?"